आधी अंतर, मग इंधन : सोलापूरच्या साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : ऊस वाहतुकीत जळणारं डिझेल

स. न. वि. वि.

बॉयलर अग्निप्रदीपन असो की मोळीपूजन, मांडवात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : शेतकरी आता नुसता अन्नदाता राहिला नाही, ऊर्जादाता झाला. टाळ्या पडतात. मीही वाजवतो, कारण त्यात तथ्य आहे. २०१३-१४ साली देशाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर, म्हणजे मूळ ठरलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, तेव्हा या वाटचालीत आपल्या डिस्टिलऱ्यांचा (उसापासून इथेनॉल बनवणाऱ्या विभागांचा) हात मोठा आहे हे कुणी नाकारणार नाही. साखर गोदामात पडून राहते आणि इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर हातात येतात; त्या पैशानं कित्येकांची थकलेली एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, निघाली. त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवण्यासाठी हे पत्र नाही.

मला बोलायचं आहे ते मांडवाच्या पलीकडं, यार्डात लागलेल्या रांगेबद्दल. इथेनॉल मिसळतं पेट्रोलमध्ये. ऊस येतो डिझेलवर. देशाची मोटारसायकल हिरवी करायला निघालेल्या आपल्या कारखान्यात, दोन ट्रॉल्या ओढत येणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत त्या इथेनॉलचा एक थेंब जात नाही. गाळप सुरू झाल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, रात्रंदिवस जे डिझेल जळतं त्याचा हिशोब कुठल्याही वार्षिक अहवालात मी पाहिलेला नाही. साखर उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा) छापता, बगॅसची (रस काढलेल्या चिपाडाची) टक्केवारी छापता, निर्यात केलेली वीज युनिटनिशी छापता. ऊस सरासरी किती किलोमीटरवरून आला, हा आकडा मात्र नसतो.

मग आपणच मांडून पाहू. हे कुणाच्या अभ्यासातले आकडे नाहीत, साधं कागद-पेन्सिलचं गणित आहे. तुमच्या शेतकी खात्याकडं याहून अचूक माहिती असेल तर मला खोडून काढा, आनंदच होईल. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना धरा. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस आला, तर दिवसाला २५० खेपा झाल्या. ऊस २५ किलोमीटरवरून आला तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे सगळ्यांचे मिळून १२,५०० किलोमीटर. भरलेला ट्रॅक्टर आणि रिकामा ट्रॅक्टर यांची सरासरी लिटरला तीन किलोमीटर धरली, तर रोजचं सुमारे ४,२०० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजचे ११ टन, आणि १२० दिवसांच्या हंगामात तेराशे टनांच्या पुढं.

आता फक्त एक आकडा बदला. २५ च्या जागी ६० किलोमीटर लिहा. ट्रॅक्टर तोच, चालक तोच, ऊसही तेवढाच. डिझेल रोजचं १०,००० लिटर होतं. हंगामात पाच लाखांच्या जागी बारा लाख लिटर. टनामागे लिटरभराहून जास्त डिझेल वाढलं, म्हणजे आजच्या भावानं टनाला शंभरेक रुपये नुसते धुरात गेले. टायर, मजुरी, खोळंबा वेगळा. कुठलंही नवं यंत्र, नवं इंधन, नवं अनुदान न घेता जे उत्सर्जन निम्म्याहून खाली येऊ शकतं, ते या एका आकड्यात दडलेलं आहे.

आणि साठ हा आकडा मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटत असेल तर जानेवारीतल्या रात्री टेंभुर्णीच्या नाहीतर शेटफळच्या चौकात तासभर उभं राहावं. पंढरपूरकडचा ऊस करमाळ्याच्या दिशेला जातो आणि तिकडचा ऊस पंढरपूरच्या दिशेला. दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांना डिपर मारून पुढं जातात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याचा काही ऊस तर सरळ कर्नाटकात उतरतो. आपल्या राज्यात नवा कारखाना काढायचा तर दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. या नियमामागचा हेतूच असा की प्रत्येकाला आपल्या आजूबाजूचा ऊस मिळावा. दोन शेजारी कारखान्यांचा मध्य काढला तर बारा-साडेबारा किलोमीटर येतो. रस्त्याची वळणं धरून पंधरा-वीस म्हणा. मग साठ येतात कुठून?

तुम्ही देणार ते उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. गाळप क्षमता वाढवून ठेवली, दुष्काळाच्या वर्षी ऊस कमी पडला, हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपला तर कर्जाचा हप्ता निघत नाही; मग जिथून मिळेल तिथून ऊस आणायचा. झोनबंदी (ठरलेल्या भागातला ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायची सक्ती) उठल्यावर शेतकऱ्यालाही दोन पैसे जास्त देणारा कारखाना निवडता आला, हे मी शेतकरी म्हणून विसरणार नाही. झोनबंदी परत आणा असं मी मुळीच म्हणत नाही. पण यात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर सर्वसाधारण सभेत कुणी बोलत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च बहुतेक कारखाने सगळ्या उसाची सरासरी काढून कापतात. धुराडं दिसतं अशा शेतातला ऊस असो की तीन तालुके ओलांडून आलेला असो, टनामागची कपात सारखीच. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आणि साडेनऊ किंवा त्याखालच्या उताऱ्याला ३,२९०.५० रुपये ठरली. आपल्या जिल्ह्याचा उतारा कोल्हापूरसारखा नाही, त्यामुळं आपण बरेच जण खालच्याच अंगाला असतो. त्यातून आठशे-हजारांच्या घरातली तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे लांबच्या उसासाठी जळलेल्या डिझेलचे पैसे जवळचा शेतकरी भरतो. ज्याच्या निर्णयानं ऊस लांबून आला, त्याला या डिझेलची झळच लागत नाही. झळ लागत नाही म्हणून अंतर कमी करायची घाईही नाही.

(आणखी एक कारण आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर कुठंच नाही. विरोधी पॅनेलच्या माणसाचा ऊस कारखान्याच्या कुंपणाला लागून असला तरी त्याला तोड मिळायला मार्च उजाडतो, आणि त्याच वेळी शेजारच्या तालुक्यातून गाड्या येत असतात. या राजकारणाचं डिझेल कोणत्या खात्यावर टाकायचं ते संचालक मंडळानं ठरवावं.)

लांबचा ऊस शिळाही होतो. तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितका वेळ जाईल तितकी साखर उतरते, हे तुमच्या केमिस्टला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तेव्हा अंतर कमी करणं ही काही हवामानासाठी करायची मेहरबानी नाही. उताऱ्यातही त्याचा फायदा आहे.

आता इंधनाकडं वळतो.

ट्रॅक्टरबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ट्रकला एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले. शेतीच्या ट्रॅक्टरला उत्सर्जनाचा नवा टप्पा जानेवारी २०२३ पासून आला तो फक्त ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. त्याखालचे ट्रॅक्टर जुन्याच निकषांवर आहेत, आणि ऊस ओढणाऱ्यांत अशांची संख्या मोठी आहे. केंद्राच्या हवा शुद्धतेच्या कार्यक्रमात सोलापूर शहराचं नाव आहे. शहराच्या चारी बाजूंना चार-पाच महिने असे हजारो ट्रॅक्टर धूर सोडत फिरतात. तेव्हा इंधन बदलायचंच तर सुरुवात इथून व्हायला हवी. आणि त्यासाठी लागणारा माल कारखान्याच्या मागच्या अंगाला पडलेला आहे.

तो माल म्हणजे प्रेसमड, उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस (शुद्ध करून दाबानं भरलेला, वाहनात सीएनजीसारखाच चालणारा गॅस) मिळतो. वरच्या गणितातला ५,००० टनांचाच कारखाना घ्या : दिवसाला १७५ टन प्रेसमड, म्हणजे ७ टन गॅस. एक किलो गॅस लिटरभर किंवा त्याहून थोड्या जास्त डिझेलचं काम करतो. म्हणजे रोजच्या साडेसात हजार लिटर डिझेलला पर्याय उभा राहतो.

हा आकडा वरच्या दोन आकड्यांशेजारी ठेवून पाहा. ऊस २५ किलोमीटरवरून येत असेल तर वाहतुकीला ४,२०० लिटर लागतात. गॅस पुरून उरतो. ऊस ६० किलोमीटरवरून येत असेल तर १०,००० लिटर लागतात; सगळा प्रेसमड सडवूनही गॅस पुरत नाही. म्हणून मी पत्राच्या मथळ्यात अंतर आधी लिहिलं. अंतर न आवरता इंधन बदलायला गेलात तर पाण्याची टाकी गळत असताना मोटार मोठी बसवल्यासारखं होईल.

सीएनजीची आजवरची अडचण काय? पंप लांब, रांग मोठी, आणि ज्या रस्त्यानं जायचं तिथं पंप असेलच याची खात्री नाही. उसाच्या वाहनाला यातलं काहीच आडवं येत नाही. ते दर खेपेला एकाच ठिकाणी परत येतं, काट्यावर उभं राहतं, यार्डात तासन् तास थांबतं. गॅस भरण्यासाठी याहून सोयीचं वाहन सापडणार नाही. दुसरी गंमत म्हणजे प्रेसमड निघतो गाळपाच्या दिवसांत आणि वाहतूकही असते त्याच दिवसांत. बायोगॅसवाल्यांची नेहमीची डोकेदुखी असते ती कच्चा माल वर्षभर साठवायची, कारण उघड्यावर पडलेला प्रेसमड तापतो, सडतो आणि त्यातला गॅस आपोआप हवेत जातो. हा गॅस म्हणजे मिथेन. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. ताजा प्रेसमड लगेच टाकीत घालून त्याच आठवड्यात ट्रॅक्टरला गॅस दिला तर हे नुकसानही टळतं. हंगाम संपल्यावर टाकीतले जीवाणू जगवायला थोडा साठा ठेवावा लागेल, किंवा स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) द्यावा लागेल. एकेकाळी डिस्टिलऱ्या स्पेंटवॉशपासून गॅस काढून बॉयलरला देतच होत्या, तेव्हा हे ज्ञान आपल्याकडं नवीन नाही.

अडचणी आहेतच. आपले बहुतेक कारखाने गंधक वापरून साखर पांढरी करतात, त्यामुळं प्रेसमडच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो. तो नीट काढला नाही तर इंजिन आणि टाकी दोन्ही खाऊन टाकतो. शुद्धीकरणावर पैसा वाचवायचा मोह धरू नका. गळतीवरही लक्ष लागेल, कारण प्रकल्पातूनच मिथेन सुटत राहिला तर डिझेल वाचवून मिळवलेलं सगळं तिथंच जाईल. आणि प्रकल्प स्वस्त नाही. एकट्या कारखान्याला, तोही कर्जात असेल तर, झेपणार नाही. मग तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून काढा. निवडणुकीत एकमेकांचे पाय ओढणारे अध्यक्ष साखरेच्या दराच्या वेळी दिल्लीला एकाच विमानातून जातात, तेव्हा एकत्र बसता येत नाही असं नाही.

केंद्रानं १ ऑक्टोबर २०१८ ला ‘सतत’ योजना आणली, त्यात तेल कंपन्या हा गॅस विकत घेतात. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढं ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के बायोगॅस मिसळणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे उरलेल्या गॅसला गिऱ्हाईक आहे. माझी विनंती इतकीच की सगळा गॅस बाहेर विकून यार्डात पुन्हा डिझेलचेच ट्रॅक्टर उभे करू नका. इथेनॉलचं तेच झालं. टँकर भरून पाकणीच्या डेपोत किंवा परराज्यात जातं, आणि तो टँकरही डिझेलवरच जातो.

शेतकरी सभासदाच्या मनात यावर एक शंका येणार, ती माझ्याही मनात आली. प्रेसमड आम्ही रानात टाकतो. आपल्या चोपण होत चाललेल्या जमिनींना त्याचाच आधार आहे. तो गॅसला गेला तर आम्ही काय टाकायचं? उत्तर असं की गॅस काढल्यावर त्यातला काही कार्बन जातो, नत्र-स्फुरद-पालाश मागं राहतो. जो गाळ उरतो तो खतच असतो, आणि अशा सेंद्रिय खताला केंद्रानं जून २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपयांचं विक्री साहाय्यही मंजूर केलं. पण हे उत्तर तोंडी चालणार नाही. आज सभासदाला जेवढा प्रेसमड मिळतो त्या प्रमाणात हे खत त्याच दरानं मिळेल, असा ठराव आधी करा, प्रकल्पाचं भूमिपूजन नंतर करा. नाहीतर आमच्या रानातली सुपीकता ट्रॅक्टरच्या टाकीत गेली, असं गावोगाव म्हटलं जाईल आणि ते बरोबरच असेल.

आणि ट्रॅक्टरवाला. त्याला विसरून ही सगळी आखणी कागदावरच राहील. वाहन त्याचं, कर्ज त्याचं, मुकादमाला दिलेली उचल त्याची, टोळी पळून गेली तर बुडणारा पैसाही त्याचाच. डिझेलचा ट्रॅक्टर गॅसवर चालतो हे फेब्रुवारी २०२१ मध्येच दिल्लीत दाखवून झालं आहे. पण किट बसवायचं, सिलिंडर बसवायचे, दर तीन वर्षांनी त्यांची तपासणी करायची, हा खर्च त्याच्या गळ्यात मारू नका. कारखान्यानं किट बसवून द्यावं, डिझेल आणि गॅस यांच्या दरातल्या फरकातून दोन-तीन हंगामांत वळतं करून घ्यावं, आणि बचतीतला ठरलेला हिस्सा त्याच्या वाहतूक बिलात दिसावा. पहिल्या वर्षी सगळ्यांना सक्ती नको. वीस-पंचवीस वाहनमालक स्वतःहून पुढं येतील अशी अट ठेवा. गॅसच्या वाहनाला काट्यावर वेगळी रांग दिली तर तेवढ्यानंही बरेच जण तयार होतील. रांगेत रात्र काढणं म्हणजे काय ते त्यांना विचारा.

विजेच्या वाहनांबद्दल थोडंच लिहितो, कारण आपल्याकडं तो पुढचा टप्पा आहे असं माझं मत आहे. केंद्रानं जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकला कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर केलं, जुना ट्रक भंगारात काढल्याच्या दाखल्यासह. शेतीचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. शिवाय आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटला सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प रेल्वेनं आलेला कोळसाच जाळतो. गावातल्या खांबावरून ट्रक चार्ज केला तर धूर पूर्ण थांबत नाही. बराचसा फक्त फताटेवाडीला जातो. तुमच्याकडं मात्र वेगळी सोय आहे. को-जनची (कारखान्यातल्या सहवीजनिर्मितीची) वीज बगॅसची आहे, म्हणजे ज्या उसानं त्याच वर्षी हवेतून कार्बन घेतला त्याची. ती यार्डातच तयार होते आणि वाहन यार्डातच उभं असतं. पंधरा-वीस किलोमीटरच्या आतल्या फडांसाठी चार-दोन विजेचे ट्रक आणून एक हंगाम चालवून बघायला हरकत नाही. भरलेल्या उसाच्या वजनाला बॅटरी किती टिकते, कच्च्या पाणंदीत काय होतं, हे कंपनीच्या माहितीपत्रकातून कळणार नाही.

इथेनॉलबद्दलही दोन गोष्टी बोलतो, कारण तो विषय टाळला तर पत्र अर्धवट राहील. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल तयार व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ज्या शहराला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड मिळतं, त्या शहराच्या उशाला आपण हे पीक घेतो. उजनीतून ते पाणी उचलायला वीज लागते, उसाला युरिया लागतो, आणि युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. इथेनॉल पेट्रोलपेक्षा चांगलं ठरतं ते हे सगळं आटोक्यात असेल तरच. ठिबक नसलेल्या, पाट सोडून भिजवलेल्या, साठ किलोमीटर डिझेलवर ओढून आणलेल्या उसाचं इथेनॉल कितपत हिरवं, हा प्रश्न आज आपल्याला कुणी विचारत नाही. उद्या विचारतील. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात १ टक्का, २०२८ ला २ टक्के आणि २०३० ला ५ टक्के शाश्वत इंधन घालायचं उद्दिष्ट देशानं ठेवलं आहे, आणि ते इथेनॉलपासूनही करता येतं. विमानाचं इंधन विकत घेणारे मात्र शेतापासून टाकीपर्यंतचा कार्बन मोजतात, त्यात वाहतुकीचं डिझेल आलं. सोलापूरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याच्या को-जनची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली; त्यावर गावात किती वाद झाला ते आपण पाहिलं. त्याच धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानात उद्या उसाचं इंधन जाऊ शकतं. कुणाला हा काव्यगत न्याय वाटेल, कुणाला चेष्टा.

सरकारी धोरणाचा भरवसा धरू नका, हे तर तुम्हाला सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ च्या एका आदेशानं रसापासूनचं इथेनॉल रातोरात थांबलं, आठवड्याभरात थोडी ढील मिळाली, आणि बंदी पूर्ण उठायला पुढचा ऑगस्ट उजाडला. रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैशांवर थबकला आहे आणि मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे मिळतात. पुरवठ्यात मका उसाच्या पुढं निघून गेला. दिल्लीत ठरणाऱ्या या दरांवर तुमचं नियंत्रण नाही. वाहतुकीच्या अंतरावर आहे. प्रेसमडवर आहे. वजनकाट्यावर तर आहेच.

म्हणून मागणी वजनकाट्यापासून सुरू करतो. प्रत्येक खेपेच्या पावतीवर वजनाशेजारी फडापासूनचं अंतर छापा. गटनंबर तुमच्या संगणकात आहे, ऊसनोंद करताना शेताचं ठिकाण मोबाइलवर टिपलं जातं, त्यामुळं यात खर्च जवळपास नाहीच. वाहतूक कपात अंतराच्या टप्प्यांनुसार करा. लांबचा ऊस हवाच असेल तर त्याचा जादा भार कारखान्यानं आपल्या नफ्यातून उचलावा, शेजारच्या शेतकऱ्याच्या बिलातून नको. आणि शेजारी कारखान्यांनी हंगामापूर्वी बसून उसाची अदलाबदल ठरवावी : तुमच्या गेटजवळचा आमचा नोंदलेला ऊस तुम्ही गाळा, आमच्या गेटजवळचा तुमचा आम्ही गाळतो, दराचा फरक कागदावर मिटवू. शेतकऱ्याला त्यानं निवडलेल्या कारखान्याचाच दर मिळाला पाहिजे, एवढी अट त्यात हवी. ती नसेल तर या योजनेला पहिला विरोध माझा असेल.

मी ज्या कारखान्याचा सभासद आहे त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण हे त्या एकट्याचं दुखणं नाही. त्याच्या येत्या वार्षिक सभेसाठी पुढचे प्रश्न मात्र मुदतीत, लेखी देतो आहे, आणि इतर कारखान्यांच्या सभासदांनीही ते जसेच्या तसे उचलावेत. गेल्या हंगामात गाळलेल्या उसाचं सरासरी वाहतूक अंतर किती होतं? चाळीस किलोमीटरच्या पलीकडून किती टन ऊस आला? त्याच काळात वीस किलोमीटरच्या आतला नोंदलेला किती ऊस मार्चनंतर तुटला? प्रेसमड किती निघाला, कुणाला गेला, कोणत्या दरानं? खासगी कारखान्यांना ऊस उत्पादकांची सभा घ्यावी लागत नाही. त्यांनी ही चार उत्तरं गेटवरच्या फलकावर लावली तरी चालेल, जिथं रोजचं गाळप लिहिता तिथंच.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
मोहोळ तालुका, जि. सोलापूर